पॉइंट पन्नासचा खड्डा

१

ही गोष्ट खरी हाय. शब्दन् शब्द. धोंडाबाई रचून सांगती असं आमच्या टाकव्यात म्हणतात, म्हणू देत. पण हिच्यात एक दाणा जरी पदरचा घातला असंल, तर माझ्या तोंडात उरलेल्या चार दाढा गळून पडू देत. चारच हायेत, तवा मी शपथ उगं घेत न्हाई.

तर रविवारी सकाळी बोरकड्याच्या पोटाशी वीस-बावीस माणसं उभी व्हती, आणि दगडामागं डबा नव्हता.

डबा साधाच. स्टीलचा, कडीच्या झाकणाचा. बारा वर्सांमागं पुण्याच्या एका मास्तरांनी तो तितं लपवलेला. जिओकॅशिंग म्हणतात त्या खेळाला. एकानं डबा लपवायचा आणि जागेचा आकडा इंटरनेटवर टाकायचा. दुसऱ्यानं तो आकडा फोनात घालायचा, न्हाईतर हातातल्या जीपीएसच्या यंत्रात, आणि यंत्र दावील तसा डोंगर चढायचा. डबा घावला की आतल्या वहीत नाव-तारीख लिवायची, आणि डबा व्हता तितंच ठेवून खाली यायचं. आतली एखादी चीज घेतली तर आपली एखादी ठेवायची. चिजा तरी काय, प्लास्टिकचा हत्ती, दोन गोट्या, एक शिट्टी. एवढं करून मिळतं काय, असं मी मास्तरांना इचारलं व्हतं. म्हणले, सही करायला मिळते. मी त्यांना पाणी पाजलं. ऊन लागलं असंल म्हणून.

मास्तर दोन वर्सांमागं गेले. वहीच्या पहिल्या पानावर त्यांचं अक्षर हाय. त्यांची लेक स्नेहल, तिनं त्या रविवारी डब्याच्या बाराव्या वर्साचा कार्यक्रम ठेवला. गावात कागद चिकटवले, त्यावर आकडा छापला, खाली "नाष्ट्याची सोय". मी नाष्ट्याला गेलते.

स्नेहलनं दगड सरकवला, आत हात घातला, आणि हात तसाच ठेवून बसून राहिली.

मग सार्थक पुढं झाला. लोणावळ्याच्या अंगाला त्याचे तंबू हायेत, शनिवार-रविवारी गिऱ्हाइकं घेऊन येतो. म्हणला, "पावसाळ्यानंतर डबा शेजारच्या नव्या दगडामागे ठेवलाय. कुठल्या, ते दोघांनाच माहीत होतं. स्नेहलताईंना आणि ह्याला."

ह्याला म्हंजे उमेशला. उमेश वरच्या ठाकरवाडीचा. मास्तरांच्या मागं डब्याची राखण तोच करायचा. मंगळवारी चार वाजता वन समिती त्याला वाटाड्याचं ओळखपत्र देणार व्हती. ठाकरवाडीतनं पयलाच तो. आणि समितीतले दोघं तितंच पोह्याच्या बश्या घेऊन उभे. त्यातला एक म्हणला, मंगळवारी आधी ह्याचा निकाल लावू, मग कार्डाचं बघू.

उमेशनं टोपी काढली, झाडली, परत घातली आणि उतरून गेला.

मी पोह्याची बशी तशीच खाली ठेवली. का, ते आत्ता इचारू नका.

२

त्या दिवशी मी घरात ठरले न्हाई. बसले की उठायची, उठले की उंबऱ्यापर्यंत जायची. सून म्हणली, आत्याबाई, पाटावर मुंग्या हायेत का. मी चपला घातल्या आणि ठाकरवाडीची वाट धरली.

उमेश अंगणात लाकडं फोडत व्हता, लागत नव्हती तरी फोडत व्हता. त्यानं सांगितलं ते असं. शनिवारी धाच्या सुमाराला तो आणि स्नेहल डबा बघून आले. वहीत नवी पेन्सिल ठेवली, डबा आत सारला, दगड लावला. आजूबाजूला माणूस न्हाई काणूस न्हाई.

"आन् मावशी, मी ती वही चोरून करू काय?" तो म्हणला. "माझंच नाव हाय तिच्यात एकशे चार येळा."

तितनं सार्थककडं. तो गाडीत सामान भरत व्हता. मी सरळ इचारलं, उमेशला कार्ड मिळालं तर तुझं काय बिघडतं. पोरगं खरं बोललं. म्हणलं, लोक मग थेट उमेशला फोन करतील, मला मधे कोण विचारतंय.

"पण मी सहा वर्षं हा खेळ खेळतोय, मावशी. मी डबा उचलला असता ना, तर आधी वहीत सही केली असती."

मग त्यानं एक गोष्ट सांगितली, ती तुमी ध्यानात ठेवा. कड्याच्या पोटाशी आभाळ अर्धंच दिसतं, म्हणून यंत्र तितं वीस-पंचवीस फूट हिकडंतिकडं दावतं. आकडा असून त्याला पहिल्या खेपेला दोन तास लागले, पन्नास दगड उलटंपालटं केले तवा डबा घावला. आणि रविवारी? बाकीच्या सगळ्या दगडांवर वाळलेलं शेवाळ जसंच्या तसं. हललेला दगड एकच. नेणारा सरळ आला आणि बरोबर दगडापुढंच थांबला.

"म्हणजे ज्याला जागा माहीत होती, त्यानंच नेला," सार्थक म्हणला.

सगळं फिरून उमेशवरच येत व्हतं.

३

सोमवारी सकाळी मी स्टँडावर गेले. स्नेहलनं कागद चिकटवले व्हते, त्यातला एक मारुतीच्या दारावर हाय. मारुती जमिनीचा एजंट. पत्र्याचं दुकान, आत टेबल, कपाटात फायली. भिंतीवर प्लॉटांचे फोटो, आभाळातनं काढलेले, शेतं गोधडीच्या ठिगळासारखी दिसतात. बापाच्या वक्ताच्या कर्जाच्या पावत्यासुदिक त्यानं जपून ठेवल्यात. सही असलेला कागद त्याच्यानं टाकवत न्हाई.

तो फोनवर गिऱ्हाइकाला सांगत व्हता, "एक पॉइंट वीसचा तुकडा हाय साहेब, रस्त्याला लागून. व्हय, दीड एकर. लोकेशन पाठवतो ना."

फोन ठेवल्यावर मी म्हणलं, मारुती, तुझ्या दारावर त्या डब्याचा आकडा हाय, कोण निरखून बघत व्हतं का रे.

"मावशी, आपलं काम जमिनीचं. पोरांच्या खेळातलं आपल्याला काय कळतंय? तो आकडा मराठीत हाय का इंग्रजीत, ते बी बघितलं न्हाई मी."

शनिवारी कुटं व्हतास म्हणलं, तर म्हणला बोरकड्याखाली गिऱ्हाइकाला प्लॉट दावत व्हतो. आणि चहा मागवला. मारुती मला कवा चहा मागवत न्हाई.

बाहेर आले तर झुंबरबाई शेळ्या घेऊन निघालेली. झुंबरबाई आमच्यातली सगळ्यात कमी बोलणारी बाई. तिचा नवरा गेला तवासुदिक ती दारात येऊन "गेले" एवढंच म्हणली व्हती. तिच्या काखेत एक करडू, पायाला चिंधी बांधलेलं.

"काय झालं गं ह्याला?"

"खड्ड्यात पडलं."

कंच्या खड्ड्यात म्हणलं, तर तिनं हनवटीनं दावलं. बोरकड्याच्या वरच्या अंगाला, ओढ्यापलीकडं. तितं कसला आलाय खड्डा? मी चाळीस वर्सं त्या वाटेनं सरपण आणलंय.

"कवा खणला?"

"शुक्रवारी नव्हता."

मग चालता चालता ती थांबली, आणि आपल्या आपण आणखी बोलली. तिच्या मानानं ते भाषणच. "शनिवारी भुंगा आला. शेळ्या उधळल्या."

केवढा भुंगा म्हणून इचारलं. तिनं करडू खाली ठेवलं आणि दोन्ही हातांनी दावलं. जेवायच्या ताटाएवढा.

४

स्नेहल खाली कान्हे गावात ओळखीच्यांकडं उतरली व्हती. तिला फोन लावला, म्हणलं बापाचं यंत्र घेऊन ये. तिच्याकडं मास्तरांचं जुनं जीपीएस हाय, पिवळं, साबणाच्या वडीपेक्षा जाड. आमी दोघी वर गेलो. मी सोळा वर्साच्या पोरीसारखी चढले. स्नेहल मागं राहिली, तिला इचारा.

खड्डा कमरेएवढा खोल. पहार आणि खोऱ्याचं काम, मातीत ताजे वळ. आत काय न्हाई, फकस्त तंबाखूची पुडी.

"पण हे कशासाठी?" स्नेहल म्हणली. "कॅश कधीच पुरत नाहीत, आजी. तो पहिला नियम आहे."

"मग खणणारा खेळातला न्हाई," मी म्हणलं. "सार्थक सुटला. उमेशला जागा तोंडपाठ हाय, तो हितं कशाला मरायला येईल? तो बी सुटला."

"पण ह्याचा डब्याशी संबंध कशावरून? कुणी कशालाही खणलं असेल."

मग मला तिला गिरणीवरचं सांगावं लागलं. शुक्रवारी दळणाला आमी चार बायका बसलेलो आणि मारुती बी डबा घेऊन आलता, पिठाचा. तवा झुंबरबाईनं गोष्ट सांगितली, की मास्तर काय यडा नव्हता धा वर्सं डोंगर चढायला. त्याला बोरकड्यात सात रांजण घावलेत, मोहरांचे. वरती नागीण बसलीय, नाकात नथ घातलेली. आणि कागदावरचा आकडा हाय तो त्या रांजणांचाच. लेक आता पाव्हणे बोलवून काढून नेणार. गिरणीवाल्यानं पीठ भरायचं थांबवून ऐकली ती गोष्ट.

स्नेहल माझ्याकडं जरा बघत राहिली. मग म्हणली, "झुंबरबाईंनी? एवढी?"

"तू खड्ड्याचा आकडा बघ," मी म्हणलं.

तिनं यंत्र खड्ड्यावर धरलं आणि वाचलं. अठरा अंश, अट्ठेचाळीस पॉइंट आठ तीन. पुढं त्र्याहत्तर अंश, सदतीस पॉइंट शून्य. तिच्या कपाळाला आठी पडली. डब्याचा आकडा अट्ठेचाळीस पॉइंट पन्नास. पुढचा सदतीस पॉइंट शून्य, तो हुबेहूब तोच. म्हंजे खड्डा डब्यापासनं नीट उत्तरेला व्हता, डावीउजवीकडं हात बी न्हाई. सहाशे मीटर.

"योगायोग एवढा सरळ नसतो," ती म्हणली. आणि तिनं यंत्रावरचं एक बटण दाबलं. मास्तर दोन्ही तऱ्हेनं बघायचे, म्हणली. आता यंत्र पॉइंटात न बोलता मिनिट-सेकंदात बोलायला लागलं.

अट्ठेचाळीस मिनिटं, पन्नास सेकंद.

आमी दोघींनी एकमेकींकडं बघितलं. डब्याच्या आकड्यात बी पन्नास, खड्ड्याच्या बी पन्नास. जागा मातर दोन.

"पॉइंट पन्नास म्हणजे अर्धं मिनिट," स्नेहल हळू म्हणली. "तीस सेकंद. ह्यानं पॉइंटपुढचे पन्नास हे सेकंदच धरले. पण असं कोण वाचतं?"

मी खड्ड्याच्या कडेला बसले, गुडघे दुखत व्हते म्हणून न्हाई, हसू आलं म्हणून. तुमी शाळेत शिकलेली माणसं दीड एकर कसा लिवता? एक पॉइंट पाच. आणि आमचा जमिनीवाला? एक पॉइंट वीस. चाळीस गुंठ्यांचा एकर, अर्धा एकर म्हंजे वीस गुंठे. त्याच्या हाडात मुरलंय, की पॉइंटाच्या पुढं दुसरंच माप बसतं. एकराच्या पुढं गुंठा, मिनिटाच्या पुढं सेकंद.

"मारुती," मी म्हणलं. "दिवसभर लोकेशनं पाठवतो, आणि मला म्हणतो आकडा बघितला न्हाई."

"पण मग डबा? तो तर बरोबर जागेवरून गेला."

मी वर आभाळाकडं बोट केलं. ताटाएवढा भुंगा. प्लॉटांचे फोटो काढायचं ते उडतं यंत्र. खड्ड्यात काय घावलं न्हाई, म्हणून शनिवारी त्यानं खालनं ते सोडलं, आणि तुमी दोघांनी कंचा दगड सरकवला ते घरच्या टीव्हीसारखं बघितलं.

तिला पटलं. पण आमच्या हातात व्हतं काय? एक खड्डा आणि शेळीवालीचा भुंगा. समितीपुढं हे धोंडाबाईनं सांगायचं, म्हंजे आधी तासभर हसणं झालं असतं. आणि मंगळवारचे चार वाजायला आता एकच दिवस व्हता.

५

वही कुटं असंल, त्याची मला काळजी नव्हती. मी सांगितलं ना, सही असलेला कागद मारुती टाकत न्हाई, आणि त्या वहीत बारा वर्सांच्या सह्या व्हत्या. कपाटातच असणार. पण कपाट उघडायचं कोणी? त्याचं त्यानंच.

सोमवारी दुपारी मी स्नेहलला घेऊन स्टँडावर चहाला बसले, मारुतीच्या दारापुढंच. आणि जरा मोठ्यानं बोलले. म्हातारीचे कान गेले की आवाज वाढतो, कोण काय म्हणत न्हाई.

"मास्तरांनी मला एकटीला सांगितलं व्हतं पोरी. तो कागदावरचा आकडा फसवा. खरा आकडा वहीच्या मागल्या कोऱ्या पानांवर हाय, लिंबाच्या रसानं लिवलेला. बोरकड्याखालचा काळा कातळ हाय ना, त्याच्यावर बाराच्या उन्हात पानं पसरून ठेवायची. दुसरीकडं न्हाई उमटत. आता वहीच गेली, काय उपेग."

स्नेहलनं चेहरा पाडला. ती बी बरीच हाय.

मंगळवारी साडेअकराला करवंदीच्या जाळीमागं आमी पाच जणं दबून बसलो. मी, स्नेहल, सार्थक आणि समितीतले ते दोघं. मी बोलवलं असतं तर आले नसते, स्नेहलनं बोलवलं. उमेश आला न्हाई. निरोप धाडला, की मी तितं दिसलो तर म्हणाल मीच वही आणून ठेवली. शहाणं पोरगं.

पावणेबाराला एक माणूस न्हाई. बाराला न्हाई. समितीवाला घड्याळ बघायला लागला. मला तर बसवंना. आपली गोष्ट एकदाच खरी व्हावी म्हणून मी जिंदगीत एवढी तळमळले नव्हते.

सव्वाबाराला मारुती आला. पांढरा शर्ट, डोक्यावर रुमाल, काखेत प्लास्टिकची पिशवी. हिकडं बघितलं, तिकडं बघितलं. पिशवीतनं वही काढली, कातळावर पसरली, चारी कोपऱ्यांवर चार खडे ठेवले, आणि पापड राखत बसावं तसा शेजारी उकिडवा बसला. मधनंच वाकून वास घ्यायचा. लिंबाचा येतोय का बघत असंल.

आमी उठणार, तवर झुंबरबाईच्या शेळ्या कातळावर चढल्या. काळी शेळी पुढं. तिनं वहीला तोंड लावलं आणि मारुती तिच्या अंगावर धावला, तशी झुंबरबाई वरच्या धोंड्यावरनं ओरडली. मी तिचा एवढा आवाज कवा ऐकला न्हाई.

"वही उचल मेल्या, शेळी कागद खाती!"

शेळीनं मागलं एक कोरं पान नेलंच. मास्तरांचं पान शाबूत राहिलं. स्नेहलनं वही छातीशी धरली आणि तितंच खाली बसली.

मारुतीनं आमाला बघितलं. शर्टाला कातळाची काळी धूळ. म्हणला, "मला घावली, मावशी. आणून देणारच व्हतो."

"मग वाळत का घातलीस?" मी म्हणलं.

६

चार वाजता समिती बसली. मारुतीनं सगळं कबूल केलं. खड्डा शुक्रवारी संध्याकाळी, भुंगा शनिवारी, डबा रविवारी तांबडं फुटायला. आत प्लास्टिकचा हत्ती बघून त्याला रडू आलं म्हणला. आणि उमेशचं नाव पुढं आल्यावर गप का बसलास, असं समितीनं इचारलं, तवा मारुती शर्टाची काळी धूळ झाडत बसला.

त्याला खड्डा बुजवायला लावला, करडाचं औषधपाणी करायला लावलं, आणि डबा सगळ्यांदेखत जागच्या जागी ठेवायला लावला. स्नेहलनं त्याला वहीत सही बी करायला लावली. म्हणली, डबा सापडला की सही करायची, नियम तो नियम. सार्थकनं उमेशचा हात धरला आणि बराच वेळ सोडंना, मग उमेशच म्हणला, "बास की, कार्ड कंच्या हातानं घेऊ?"

घेतलं त्यानं कार्ड. गळ्यात घातलं, फोटोकडं बघितलं, आणि वहीत एकशे पाचवं नाव लिवलं.

हितं गोष्ट संपायची. पण मारुती गेल्यावर समितीतला एक म्हातारा म्हणला, सगळ्याची मुळी त्या रांजणांच्या गोष्टीत हाय. कोणी सांगितली ती? मी म्हणले, झुंबरबाईनं. झुंबरबाई दारात दावं वळत बसली व्हती. तिनं माझ्याकडं बघितलं. नुसतं बघितलं. मग म्हणली, "व्हय. मीच."

सगळ्यांनी तिला बोल लावला. तिनं ऐकून घेतला आणि शेळ्या घेऊन गेली.

तर आता सांगते. बाकी सगळं खरं, खड्डा, भुंगा, पॉइंट पन्नास. एवढाच एक दाणा पदरचा. झुंबरबाईला सात रांजण सांगायचे म्हंजे सात वर्सं लागली असती. ती गोष्ट माझी. गिरणीवर लाइट गेलती, दळण थांबलं व्हतं, आणि माणसं गप बसलेली मला बघवत न्हाईत. मास्तरांनी माझ्या घरचं पाणी पिलेलं, आणि मी त्यांच्या डब्यावर नागीण बसवली. नथ तर मी शेवटाला घातली तिला, मारुती तोंड उघडं टाकून ऐकत व्हता म्हणून.

काल मी झुंबरबाईकडं गेलते. इचारलं, माझं पाप तू अंगावर का घेतलंस. ती धार काढत व्हती. धार संपवली, भांडं बाजूला ठेवलं.

"तुझी गोष्ट म्हणलं असतं, तर खड्डा बी तुझीच गोष्ट झाली असती," ती म्हणली. "पोराचं कार्ड राहिलं असतं."

मी तिला एवढं बोलताना ऐकलं, ह्याच्यावर बी गावात कोण इश्वास ठेवत न्हाई.

आणि आज सकाळपासनं डाव्या अंगाची एक दाढ हलतीया.